मधला नमुना

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी बस, पाय वर घे आणि मग वाच. पत्र लांबणार आहे आणि मध्येच मी कुठेतरी भरकटणार आहे. तूच म्हणालीस ना, फोनवर तुझं एक वाक्य धड पुरं होत नाही, कागदावर लिही म्हणजे मला मागे जाऊन वाचता तरी येईल. तर घे आता.

बातमी अशी की मोठ्या हॉस्पिटलच्या एका संशोधनात मला घेतलंय. माझ्यासारख्या, म्हणजे ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मुलामुलींच्या पोटातले जंतू आणि डोक्यातलं लक्ष यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे तिथल्या डॉक्टर शोधताहेत. रोज सकाळी एक पुडी पाण्यातून घ्यायची. काहींच्या पुडीत म्हणे चांगले जंतू असतात आणि काहींच्या पुडीत नुसती पांढरी पूड. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते सगळं संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही. माझी लक्षाची नेहमीची गोळी मात्र चालूच ठेवायची आहे.

आता अवघड भाग. तीनदा नमुना द्यायचा आहे, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. कसला ते तू ओळखलंसच. घरी एक डबा येतो, त्यात इवलासा चमचा आणि हातमोजे असतात. डबा भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि ठरलेल्या सकाळी एक माणूस बर्फाची पेटी घेऊन येतो. पहिला डबा ठेवायची वेळ आली तेव्हा बाबांनी मटारची पिशवी उचलून वरच्या कप्प्यात नेली आणि तिची माफी मागितली.

नर्सबाईंनी बजावलंय की एकही नमुना चुकला तर नाव कमी. आई असती तर मी निर्धास्त असते, पण आजी ऑपरेशननंतर नीट चालायला लागेपर्यंत ती तिकडेच राहणार. घरात मी आणि बाबा, म्हणजे लक्षात ठेवणारं कुणीच नाही. कालच बाबांनी स्वतःच्या दुकानाची नवीन किल्ली केली. अख्ख्या बाजाराच्या किल्ल्या करून देणारा माणूस स्वतःच्याच दुकानाबाहेर उभा, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, सावकाश होऊ द्या, मी थांबतो.

आणि हो, चष्म्याच्या कार्यशाळेत माझी उमेदवारी सुरू झाली. काच फ्रेमच्या मापाने घासायची, खूण बघून नेमक्या कोनात बसवायची. मालकीणबाई भारी काटेकोर आहेत. मला कायम ठेवायचं की नाही ते त्या जूनच्या सुरुवातीला सांगणार. आत्या, मला ही जागा हवी आहे. काच हातात घेतली की डोकं गप्प होतं. असं माझं आजवर कुठेच झालेलं नाही.

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. दोनदाच भरकटलीस, म्हणजे प्रगती आहे.

माझी सगळी नोकरी डेअरीत दूध तपासण्यात गेली, त्यामुळे जंतूंची मला भीती नाही आणि फाजील कौतुकही नाही. पोटात त्यांचं अख्खं गाव वसलेलं असतं एवढं खरं. त्या गावाचं डोक्यावर किती चालतं, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणून तर तुझ्या डॉक्टर शोधताहेत. मधल्या मध्ये अमुक खाल्लंस की हुशार होशील म्हणणारे दहा शहाणे भेटतील. त्यांचं खाणं खा, बोलणं सोडून दे.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. डबा वेळेवर दे, आणि गोळी कुणाला विचारल्याशिवाय बंद करू नकोस. बरं वाटायला लागलं की माणसाला पहिली गोळीच नकोशी होते.

काचेचं वाचून मला फार बरं वाटलं. तू शाळेत असताना तुझ्या बाई सांगायच्या, ही खिडकीबाहेरच असते. आता कुणीतरी तुझ्या हातात खिडकीच दिली म्हणायची. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्या मला ओळखत नाहीत, तरी सांग.

तुझ्या बापाला म्हणावं, एक किल्ली गळ्यात बांध.

आत्या


२९ मार्च

आत्या,

आज तोंडचं पाणी पळालं होतं. आधीच सांगते, सगळं ठीक झालं.

मधला नमुना न्यायला माणूस आज सकाळी येणार होता. मी कार्यशाळेत काच घासत होते. दुपारी मालकीणबाईंनी जेवणाचा डबा उघडला, आणि डबा बघताच मला तो दुसरा डबा आठवला. मी तो भरला होता का, तेच आठवेना. काल त्याला घेऊन न्हाणीघरात गेले होते एवढं आठवतंय, मग बहुतेक फोन वाजला, आणि पुढचं पुसलेल्या पाटीसारखं. सुट्टी मागून धावत घरी आले. फ्रीजरमध्ये डबा नाही, वॉशिंग मशीनवर नाही, कुठेच नाही.

बाबा किल्ल्यांचा जुडगा सोडवत बसले होते. म्हणाले, "तो माणूस घेऊन गेला. तू नको काळजी करूस." मी विचारलं, भरलेला होता ना नक्की? म्हणाले, भरलेला होता. असं म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही, पण जुडगा सोडवताना ते कुणाकडेच बघत नाहीत.

म्हणजे मीच भरून ठेवला असणार. असली गोष्ट माणूस कशी विसरेल, असं तू म्हणशील. पण मागे मी पायात एक चप्पल आणि एक बूट घालून बाजार फिरून आले होते, तेव्हा मला काय आठवतं आणि काय नाही यावर माझा स्वतःचाच भरवसा नाही. जिवात जीव आला, एवढं मात्र खरं.

आजी काठी घेऊन दारापर्यंत गेली म्हणे. आईने कळवलंय.

भिंगरी


१७ मे

आत्या, आत्या,

बसली आहेस ना? मी बरी झाले.

गेल्या आठवड्यात नर्सबाईंचा फोन आला होता. माझा मधला नमुना पहिल्यापेक्षा इतका वेगळा निघाला की प्रयोगशाळेतल्यांनी तो पुन्हा तपासला. पोटातलं अख्खं गाव बदललंय. मग डॉक्टर स्वतः फोनवर आल्या आणि बरंच काय काय विचारलं. काही वेगळं खाल्लं का, कुठे प्रवास केला का, अँटिबायोटिक घेतलं का. मग विचारलं, डायबिटीसची गोळी घेतेस का. मला हसूच आलं. म्हणे त्या गोळीने पोटातले जंतू बदलतात आणि या नमुन्यात तसं काहीसं दिसतंय. मी म्हटलं, अहो, मी अठरा वर्षांची आहे, साखर मी खाते, ती मला खात नाही. त्या म्हणाल्या, बरं, इतक्यात यावरून काही ठरवू नकोस, आम्ही बघतो.

पण मला कळायचं ते कळलं. माझ्या पुडीत पूड नव्हती, खरे जंतू होते. आणि ते लागू पडले. म्हणून तेव्हापासून मी माझी लक्षाची गोळी बंद केली आहे. रागावू नकोस. गोळी घेतली की दुपारी जेवण जात नाही आणि संध्याकाळी चिडचिड होते. आता तिची गरजच काय? सकाळी उठते तेव्हा इतकं हलकं वाटतं. मला सगळ्यांचे आभार मानावेसे वाटतात, डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, त्या बर्फाच्या पेटीवाल्याचे आणि त्या न दिसणाऱ्या जंतूंचेसुद्धा.

बाबांना सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचत होते. ते उठून बाहेर गेले. बहुधा डोळे भरून आले असतील.

काम छान चाललंय. परवा एक चष्मा परत आला, उजवी काच डाव्या बाजूला बसली होती, पण असं कुणाचंही होतं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. निकाल पाच जूनला.

तुझी, आता गरगर न फिरणारी,
भिंगरी


२१ मे

गोंधळ्या,

चार वेळा फोन केला. तो कुठे ठेवलास हे तुला माहीत नसणार, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. ते तुझ्याच हातात पडेल असं बघितलंय.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. तिच्या पोटात रातोरात क्रांती झाली म्हणे, आणि डॉक्टर तिला विचारताहेत की डायबिटीसची गोळी घेतेस का. ती बिचारी हसली. मी नाही हसले. त्या घरात ती गोळी कोण घेतं हे मला ठाऊक आहे, कारण तू ती घ्यायला विसरू नयेस म्हणून तुझी बायको मला फोन करून तुला फोन करायला सांगते.

दुधात पाणी कुणी घातलं हे शोधण्यात माझा जन्म गेलाय. भेसळ मला लांबून कळते. हे असलं काही डोक्यात येणारा आणि आल्याबरोबर करून मोकळा होणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे.

तू का केलंस हेही मला कळतं, म्हणून त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पण पोरीने गोळी सोडली आहे. तिला वाटतंय ती बरी झाली, आणि ज्याच्या जोरावर वाटतंय तो नमुना तुझा आहे. एक चष्मा परत आला म्हणून लिहिते, म्हणजे दोन तरी आले असणार. पाच जूनला तिची जागा जाईल आणि तिला शेवटपर्यंत कळणार नाही की का गेली. ती समजेल, आपण बऱ्या होऊनही कुचकामीच आहोत. ते मला सहन होणार नाही, आणि तुलाही नाही.

आजच्या आज तिला सांग. उद्या डॉक्टरांकडे जा. मी सांगू शकले असते, पण हे तिने तुझ्या तोंडून ऐकावं.

ताई


२६ मे

ताई,

तुझं पत्र दारात उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

झालं ते असं. त्या सकाळी बेल वाजली तेव्हा ती कामावर गेली होती. पेटीवाला दारात. फ्रीजर उघडला तर नुसते मटार. डबा वॉशिंग मशीनवर सापडला, झाकण उघडं आणि आत काहीच नाही. मी त्याला म्हटलं, उद्या या. तो म्हणाला, उद्या चालत नाही, तसं लिहून द्यावं लागेल. म्हणजे नाव कमी. ताई, या संशोधनात घेतलं त्या दिवशी पोर जिना उड्या मारत उतरली होती. तिला आजवर कशात घेतलं म्हणून नाही, प्रत्येक ठिकाणाहून काढलंच आहे. मी त्याला म्हटलं, जरा थांबा, आणि डबा घेऊन आत गेलो. माझ्या हातून आयुष्यात वेळेवर झालेली ती बहुधा एकच गोष्ट.

तुझी शपथ, मला वाटलं ही हजेरी असते. वर्गात मित्राच्या नावाने आपण हजर म्हणतो तशी. पोट सगळ्यांचं सारखंच, कोण बघतंय. ते इतकं बारीक बघतात हे मला काय ठाऊक.

मग ती स्वयंपाकघरात नाचत आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा बघून उठून बाहेर गेलो. गोळी सोडल्याचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

पत्र वाचलं त्या संध्याकाळी तिला जेवायच्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "म्हणजे मी बरी नाही झाले?" मी मान हलवली. ती खोलीत गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो. कुठलंही कुलूप उघडणारा मी, आणि त्या नुसत्या लोटलेल्या दाराला हात लावायची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही एकटे जाऊ नका, रस्त्यात दुसरीकडेच जाल."

गेलो होतो. गोळी पुन्हा सुरू झाली. तिथलं पुढचं ती तुला लिहिणार आहे. मला लिहायला बसलं की

कुणीतरी कुलूप घेऊन आलं होतं. कुठे होतो ते विसरलो. ताई, तू रागावलीस ते बरं केलंस. तुझ्याशिवाय मला कुणी वेळेवर रागावत नाही.

तुझा भाऊ


२० जून

आत्या,

उशीर झाला, पण सगळं एकदमच लिहायचं होतं.

आधी डॉक्टरांचं. बाबांनी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पेटीवाला, रिकामा डबा, न्हाणीघर, काही म्हणून लपवलं नाही. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की ही गंभीर गोष्ट आहे, अशा एका नमुन्यावरून उद्या दुसऱ्या मुलांना चुकीचं औषध सुचवलं गेलं असतं. बाबांची मान इतकी खाली गेली की मला त्यांचा फक्त भांग दिसत होता. तो नमुना बाद झाला आणि त्याबरोबर माझं नावही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्या म्हणाल्या, तू वेळेवर येऊन सांगितलंस म्हणून बाकीच्यांची मेहनत वाचली. माझ्या पुडीत काय होतं ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि माझ्या पोटात काही बदललं का तेही. गोळी मात्र लागू पडते, ते माहीत आहे. दुपारी जेवण जात नाही म्हटल्यावर त्यांनी ती घ्यायची वेळ बदलून दिली. हे मी आधीच विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं.

आता कार्यशाळेचं. बाबांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. तू बरोबर ओळखलंस, चष्मे एक नाही, तीन परत आले होते. तुझ्यापासून लपवले. दुसऱ्याच दिवशी मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं, गोळीचं आणि बाबांच्या डब्याचंही, कारण एक सांगितलं की दुसरं सांगावंच लागतं. त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या, मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागल्या. हसून हसून. म्हणाल्या, निकाल पंधरा दिवस पुढे ढकलते. मग त्यांनी माझ्या टेबलावर दोन ट्रे ठेवले, उजव्या काचेला निळा, डाव्या काचेला पिवळा. एक काच बसून तपासून झाल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला हात लावायचा नाही. इतकं साधं. काल त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला आणि नव्या काचा बसवायला दिल्या. मी बसवल्या. त्यांनी तो घातला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, खिडकीबाहेरची पाटी वाचली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून तू इथलीच."

आत्या, माझ्यासाठी जीव देईन म्हणणारे पुढे भेटतीलही. पण बाबांनी जे दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले.

आता शेवटचं, आणि हेच खरं सांगायचं होतं. त्या दिवशी डॉक्टरांची माफी मागता मागता बाबा मध्येच उठले. डॉक्टरांच्या मागच्या कपाटाचं कुलूप अडकलेलं होतं, आणि इतका वेळ बाबांची नजर तिथेच जात होती. खिशातून तार काढून त्यांनी ते उघडलं, परत येऊन बसले आणि विचारलं, मी काय म्हणत होतो? डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाबांना त्यांच्या शाळेबद्दल विचारलं, हरवलेल्या किल्ल्यांबद्दल, अर्धवट राहिलेल्या कामांबद्दल. पुढच्या वेळी परत बोलावलं. लहानपण जवळून बघितलेलं माणूस हवं म्हणाल्या, आणि तू त्यांना इतकी पानं लिहून पाठवलीस. ती वाचून त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. तुझे आभार कसे मानू कळत नाही.

तर बाबांनाही तेच आहे, जे मला आहे. लहानपणापासून. डब्याशी आणि जंतूंशी त्याचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी ते नीट समजावलं. पुष्कळदा हे घराण्यातून येतं, असंही म्हणाल्या.

परत येताना बसस्टॉपवर बसल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी बेफिकीर नव्हतो." मी म्हटलं, नव्हता. मग ते जातानाच्या बसच्या तिकिटाची घडी घालत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे हे तुला माझ्याकडून आलं."

आत्या, त्या एका क्षणात मला माझं सगळं लहानपण दिसलं. शाळेत मला वेंधळी म्हणायचे, वर्गाबाहेर उभी करायचे. मी डबा, दप्तर, स्वेटर, सगळं हरवून घरी यायचे. आणि घरी कधीच कुणी मला ओरडलं नाही. बाबा नुसते चप्पल घालायचे आणि म्हणायचे, चल, शोधू या, माझंही काहीतरी तिकडेच पडलं असेल.

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बरं झालं तुमच्याकडून आलं, बाबा. घरात ओळखीचं कुणीतरी होतं."

बस आली. आम्ही दोघंही बोलत बसलो आणि ती निघून गेली.

तुझी भिंगरी